लस देणाऱ्यांनी लस कशी घेतली

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती येतात, रांगोळ्या येतात, एखादे यात्रावर्णन येते. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "इतिहासावर कोणीतरी लिहा." इतिहास म्हटला की आपल्या नगरच्या माणसाला भुईकोट किल्ला, चांदबिबी आणि अहिल्यादेवींचे चौंडी आठवते. ते सारे थोर खरेच. पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सांगावयाचा आहे तो सुईचा इतिहास. म्हणजे शिवणाच्या सुईचा नव्हे, दंडावर टोचतात त्या सुईचा. त्यातही एकच गोष्ट मनात घोळते आहे. जी माणसे दुसऱ्याला लस टोचतात, ती स्वतः टोचून घेतात काय? आणि घ्यायची की नाही हे ती कशावरून ठरवतात?

हा प्रश्न मी काही पुस्तकातून काढलेला नाही. २०२१ साली आमच्या गल्लीत आशाताई यादी घेऊन फिरत होत्या, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या आजींनी दारातच त्यांना विचारले, "का गं, तू घेतली का आधी?" आशाताई म्हणाल्या, "घेतली, आजी. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी भाकरी थापायला बसले." झाले! आजींनी आधार कार्ड शोधायला नातवाला पिटाळले. सरकारने छापलेली पत्रके त्याच ओट्यावर पडलेली होती, ती कोणी उलगडूनही पाहिली नव्हती.

आजींचा प्रश्न नवा नाही. तो दोनशे वर्षांहून जुना आहे.

देवीची लस इंग्लंडात जेन्नर नावाच्या डॉक्टराने १७९६ साली काढली. आपल्या देशात ती पहिल्यांदा टोचली गेली मुंबईस, १४ जून १८०२ रोजी. घेणारी होती ॲना डस्टहॉल नावाची तीन वर्षांची मुलगी. त्या काळी बर्फाच्या पेट्या नव्हत्या. एकाच्या दंडावर फोड आला की त्यातला रस दुसऱ्याच्या दंडावर घालावयाचा, असा तो प्रवास. मुंबईहून पुण्याला, पुढे हैदराबादेस, अशी ती लस माणसांच्या अंगावरूनच चालत गेली. विचार केला म्हणजे अंगावर काटा येतो, पण लेकरे वाचली ती त्यानेच.

देवीच्या लशीला एक सोय होती. तिची खूण राहते. माझ्या सासूबाईंच्या दंडावर दोन मोठे गोल व्रण आहेत. त्या सांगतात, देवीडॉक्टर गावात आला की बायका लेकरांना कणगीमागे लपवीत. तो ओट्यावर बसे, आपली बाही वर करी आणि स्वतःचे व्रण दाखवी. "हे बघा, मी मेलो नाही." मग त्या फिरवायच्या दातेरी हत्याराने पोराच्या दंडावर टोचा. असला पुरावा वाचायला येत नसलेल्या बाईलाही समजतो. देशातून देवी गेली ती १९७५ साली, आणि १९७७ साली जगाच्या आरोग्य संघटनेने भारत देवीमुक्त झाल्याचे मान्य केले. माझ्या वयाच्या बायकांच्या दंडावर देवीचे व्रण नाहीत, ते त्यामुळेच.

आता प्लेगाकडे येते. कारण या प्रश्नाचा खरा इतिहास तेथे आहे.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत गाठीचा ताप सुरू झाला. काखेत किंवा जांघेत गाठ येई, आणि माणूस चार दिवसांत जाई. सरकारने हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाला बोलावून घेतले. हे गृहस्थ १८६० साली रशियातल्या ओडेसा शहरी ज्यू घराण्यात जन्मलेले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती पहिल्यांदा टोचली ती स्वतःलाच. पुढे बंगालकडे पटकीचे काम करून ते मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व व्हरांडा मिळाला, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या संसारावर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस केली.

ती माणसाला चालेल की नाही, हे पाहावयाचे होते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनसाहेबांनी ती स्वतःला टोचून घेतली. नंतर लोकांना तीन घन सेंटिमीटर देत, ह्यांनी दहा घेतली. ताप भरला, अंग दुखले, पण माणूस उठून कामाला लागला. हे कॉलेजातल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यानंतरच कॉलेजातील अनेक डॉक्टर मंडळी आणि शहरातली काही प्रतिष्ठित माणसे आपणहून पुढे आली.

मला येथे एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्या डॉक्टरांना लशीचे शास्त्र कळत नव्हते असे नाही. सूक्ष्मजंतू, उष्णता, मात्रा हे सारे त्यांना आपल्यापेक्षा शंभरपट कळत होते. तरी त्यांनाही आधी एक जिवंत माणूस पाहावा लागला. शिकलेला माणूस केवळ कागद वाचून दंड पुढे करतो, हा आपला गैरसमज आहे. भीती डॉक्टरालाही असते. कदाचित जास्तच, कारण काय काय बिघडू शकते हे त्याला ठाऊक असते.

जानेवारी संपता संपता भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथे जे कैदी तयार झाले अशा सुमारे दीडशे जणांना लस दिली, बाकीच्यांना नाही. टोचलेल्यांत रोग फारच कमी झाला. कैद्यांची ही स्वखुशी कितपत खरी होती, असा प्रश्न माझ्या मनात येतोच. गजाआडच्या माणसाला "तुझी मर्जी" म्हणणे सोपे असते. पण एवढे खरे, की लस देण्यापूर्वी विचारण्याची पद्धत हाफकिनसाहेबांनी सोडली नाही. पुढे खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान, वयाची विशीही पुरी न झालेले, यांनी आपल्या अनुयायांसमोर लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेला आपला बंगला दिला. त्यांच्या मागोमाग हजारो खोजा कुटुंबांनी ती घेतली.

त्याच महिन्यांत पुण्यास काय चालले होते ते आपणा सर्वांना माहीत आहे. रँडसाहेबाचे सोजीर घरात घुसत, देवघरापर्यंत जात, बायकामाणसांची तपासणी करीत, भांडीकुंडी बाहेर टाकीत. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. एकाच रोगावर दोन उपाय. एकात साहेब आधी स्वतःला टोचून घेतो आणि मग विचारतो; दुसऱ्यात दार फोडून आत येतो. पुढे कित्येक वर्षे आपल्या लोकांच्या मनात सरकारी औषधाविषयी जी अढी राहिली, ती कोणत्या उपायाने बसली हे वेगळे सांगायला नको.

आणि पुण्याजवळच ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुले होत्या. आपल्या नगरशी त्यांचे नाते आहे. शिक्षिकेचे शिक्षण त्यांनी येथे मिस फरार यांच्या संस्थेत घेतले, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. प्लेगात त्यांनी आणि त्यांचे चिरंजीव डॉक्टर यशवंतराव यांनी माळावर दवाखाना घातला होता. मुंढव्याच्या एका लहान मुलाला प्लेग झाला, त्याला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तारखा जुळवून पाहा. हाफकिनसाहेबांनी स्वतःला लस टोचली त्याला त्या दिवशी बरोबर दोन महिने झाले होते. लस तेव्हा मुंबईच्या एका कॉलेजातून आणि तुरुंगातून नुकती कोठे बाहेर पडत होती. सावित्रीबाईंपुढे घ्यावी की न घ्यावी हा प्रश्न आलाच नाही. सेवा करणाऱ्या कितीतरी जणींपुढे तो कधीच आला नाही, हेही या इतिहासात धरले पाहिजे.

नगरालाही प्लेगाने सोडले नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात ते दिवस आले आहेत. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी वाचनालयातून आणून अवश्य वाचावे. लोक घरे सोडून शेतात, माळावर झोपड्या घालून राहात.

लशीची एक वाईट हकीकतही सांगितली पाहिजे, नाहीतर माझे लिहिणे एकांगी होईल. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल नावाच्या गावी १०७ माणसांना प्लेगची लस टोचली. त्यातल्या एका बाटलीतून ज्यांना दिली ती एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. ठपका प्रयोगशाळेवर आला, हाफकिनसाहेबांना कामावरून दूर केले. पुढे मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी कागद तपासले. बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता, तो पुरेसा स्वच्छ न करताच वापरला गेला, असे दिसून आले. १९०७ साली हाफकिनसाहेब निर्दोष ठरले. पण पाच वर्षे गेली ती गेलीच. आज परळला त्यांच्या नावाची संस्था आहे. १९२५ साली तिला ते नाव मिळाले.

एकोणीस माणसांची ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. लसीला भिणाऱ्याला आपण अडाणी म्हणून मोकळे होतो. पण मुलकोवालात एकोणीस घरांत खरोखर रडारड झाली होती. ती अफवा नव्हती. आणि दोष होता तो लशीचा नव्हे, हाताळणीचा. पिढ्यान्‌पिढ्या दवाखान्यात काम करणाऱ्यांना हे ठाऊक असते. म्हणून नर्सबाई जेव्हा विचारते, "बाटली कुठून आली? थंड होती का? कधी उघडली?" तेव्हा ती आडमुठेपणा करीत नसते. तिला तिचा धंदा कळतो, म्हणून ती विचारते.

आता आपण पाहिलेल्या काळाकडे येऊ.

१६ जानेवारी २०२१ रोजी देशभर कोरोनाची लस सुरू झाली. पहिला मान आरोग्य सेवकांचा. डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे चालक, आशाताई, अंगणवाडीताई. दिल्लीच्या एम्स रुग्णालयात पहिली लस एका सफाई कामगाराने घेतली, आणि त्याच दिवशी तेथील संचालक डॉक्टर गुलेरिया यांनीही घेतली. त्यावेळी पुष्कळांनी कुजबुज केली, "आधी झाडूवाल्यावर करून पाहिले वाटते!" साहेबांनीही त्याच दिवशी घेतली म्हणून ती कुजबुज फार वाढली नाही. हाफकिनसाहेबांची युक्ती सव्वाशे वर्षांनीही उपयोगी पडली.

पहिल्या दिवशी देशात सुमारे तीन लाखांना लस देण्याचे योजले होते. घेतली ती दोन लाखांच्या आसपास. आपल्या महाराष्ट्रात २८५ केंद्रे, प्रत्येकी शंभर जण, म्हणजे २८,५०० व्हायला हवे होते. झाले अठरा हजारांच्या थोडे वर. वर्तमानपत्रांनी लगेच छापले की डॉक्टर नर्सच घाबरतात. ते अर्धेच खरे होते. कित्येकांना संगणकाचा निरोप रात्री उशिरा आला, कित्येकांना आलाच नाही. आपल्या राज्यात तर त्या यंत्रणेच्या घोटाळ्यामुळे दोन दिवस काम थांबवावे लागले.

पण उरलेले अर्धे खरे होते. काहीजण खरोखरच थांबले होते.

लशी दोन होत्या. पुण्याच्या सीरम संस्थेची कोव्हिशील्ड आणि हैदराबादची कोव्हॅक्सिन. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारीस परवानगी मिळाली, तेव्हा तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचा निकाल हाती आलेला नव्हता. घेणाऱ्याला संमतीपत्रावर सही करावी लागे. आपल्या राज्यात ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासारख्या मोजक्या ठिकाणी ठेवली होती. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयातील निवासी डॉक्टरांनी तर लेखी मागणी केली, की आम्हाला कोव्हिशील्ड द्या. त्यांच्यावर टीका झाली. मला विचाराल तर त्यांनी गैर काही मागितले नाही. "निकाल कोठे आहे?" एवढेच ते विचारीत होते. निकाल मार्चमध्ये आला, चांगला आला, आणि १ मार्चला खुद्द पंतप्रधानांनी कोव्हॅक्सिनच घेतली होती. मग त्या लशीविषयीची शंका बरीच ओसरली. निकाल दोन महिने आधी आला असता तर भांडण झालेच नसते.

आमच्या भागातल्या तिघी जणींना मी या लेखासाठी मुद्दाम विचारले, "तुम्ही कसे ठरवले?" नावे देत नाही.

एक परिचारिका म्हणाली, "मी पहिल्या आठवड्यात घेतली. मेलेली माणसे मी गुंडाळली होती, बाई. त्यापुढे सुई काय!" तिला समजुतीची गरजच पडली नाही.

दुसरी आशाताई. तिला शास्त्राची शंका नव्हती, तिला तापाची भीती होती. आशांना ठरावीक पगार नाही. तेव्हा जेवढे काम तेवढा मोबदला आणि वर थोडे मानधन मिळे. दोन दिवस पडून राहिले तर घरात काय येणार? शिवाय नवरा म्हणत होता, "बाकीच्यांना काय होते ते बघ आधी." ती तीन आठवडे थांबली. तिच्या वरच्या गटप्रवर्तक ताईंनी घेतली, त्या दुसऱ्या दिवशी फिरतीवर आलेल्या दिसल्या, मग हिने शनिवारी घेतली, म्हणजे रविवार विश्रांतीला मिळेल. आपल्या राज्यातील सुमारे सत्तर हजार आशांनी त्याच वर्षी १५ जूनपासून संप केला तो उगाच नव्हे. लशीचा निर्णय दंडाचा असतो तसा पोटाचाही असतो. संपानंतर त्यांचे मानधन दरमहा एक हजार रुपयांनी वाढले आणि पाचशे रुपये कोविड भत्ता मिळाला.

तिसरीची गोष्ट मला सर्वांत लागली. ती उपकेंद्रातली परिचारिका, पदरात आठ महिन्यांचे मूल. जानेवारीतल्या नियमाप्रमाणे गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना लस द्यावयाची नव्हती, कारण त्यांच्यावर चाचणी झालेली नव्हती. ती रोज दुसऱ्यांना टोचत होती, पण स्वतःला घेता येत नव्हती. लोक विचारीत, "सिस्टर, तुम्ही घेतली का?" ती खरे सांगे, "नाही." आणि कारण सांगेपर्यंत समोरची बाई उठून गेलेली असे. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. ती अंगणात अंघोळ केल्यावाचून घरात पाऊल टाकीत नसे, आणि मूल रडत असले तरी त्याला घेत नसे. पाजणाऱ्या आयांना परवानगी आली १९ मे रोजी, गरोदर स्त्रियांना २ जुलै रोजी. आरोग्याच्या कामात निम्म्याहून अधिक बायकाच असतात. आशा तर सगळ्या बायकाच. त्यांतल्या किती जणी तरुण, किती जणींच्या पदरी लहान लेकरे! लशीच्या चाचण्या आखताना हे कोणाच्या ध्यानात आले नसेल काय? जगभर हेच झाले. लस पुरुषासाठी आधी सिद्ध होते, आईसाठी मागाहून.

दुसऱ्या लाटेत लशीचा कस लागला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजाने आपल्या नोकरवर्गाचाच हिशेब मांडला. तेथील ८,९९१ कर्मचाऱ्यांनी जानेवारी ते एप्रिल २०२१ पर्यंत लस घेतली होती. दोन्ही मात्रा घेतलेल्यांत रोग पूर्ण थांबला नाही. तो सुमारे दोनतृतीयांशाने कमी झाला. पण प्राणवायू लागण्याची पाळी ९२ टक्क्यांनी कमी आली आणि अतिदक्षता विभागात जाण्याची ९४ टक्क्यांनी. त्या मुदतीत एकच कर्मचारी दगावला, त्याने लस घेतलेली नव्हती आणि त्याला इतर व्याधीही होत्या. आकडे कोरडे असतात म्हणतात, पण हे आकडे दवाखान्यातल्या माणसांनी आपल्याच सोबत्यांकडे पाहून काढलेले आहेत.

त्याच सुमारास परदेशात सक्ती सुरू झाली. इटलीने एप्रिल २०२१ मध्ये आरोग्य सेवकांना लस बंधनकारक केली, फ्रान्सने १५ सप्टेंबरपासून. न घेतल्यास बिनपगारी घरी. आपल्याकडे कायद्याने लस ऐच्छिकच राहिली, आणि २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कोणालाही लस घेण्याची बळजबरी करता येणार नाही. मात्र लोकांच्या हितासाठी सरकारला काही वाजवी बंधने घालता येतील. कागदावर ऐच्छिक आणि वरिष्ठांच्या नजरेत सक्तीची, असेही काही ठिकाणी झाले असे ऐकते. एका आशाताईला म्हणे सांगितले गेले, "घेतली नाहीस तर पुढचे काम मिळेल का ते बघ." त्या बाईने घेतली, पण गल्लीत लशीविषयी बोलताना तिच्या आवाजात जोर नव्हता. ज्या आशाताईने तीन आठवडे थांबून, पाहून, मग घेतली, तिच्या यादीतली घरे भराभर झाली.

दवाखान्यात काम करणाऱ्यांना आणखी एक लस लागते, तिच्याविषयी कोणी बोलतच नाही. ब काविळीची. रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई बोटाला लागली तर ही कावीळ होऊ शकते. तीन टोचे असतात, पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. तिसरा टोचा येईपर्यंत पुष्कळजण विसरतात. भीतीमुळे नव्हे, कामाच्या धबडग्यात. आपल्या ओळखीत कोणाची सून, कोणाची मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेत असेल, तर तिला एवढे जरूर विचारावे.

कोरोनाच्या तिसऱ्या मात्रेला सरकारने खबरदारीची मात्रा असे नाव दिले. ती आरोग्य सेवकांना आणि साठीपुढच्या आजारी माणसांना देण्यास सुरुवात झाली १० जानेवारी २०२२ रोजी. हाफकिनसाहेबांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली त्याला त्या दिवशी बरोबर १२५ वर्षे झाली होती. वर्तमानपत्रात कोणी हे लिहिलेले मला तरी दिसले नाही. त्या मात्रेला पहिल्या दोहोंइतकी गर्दी झाली नाही. रोग सौम्य झाला होता, लोक थकले होते. पाजणारी ती परिचारिका मात्र आपली पाळी येताच गेली. मुलाला कडेवर घेऊनच ती रांगेत उभी होती.